मेन जेटला हात लावण्याआधी

१९७० साली लंडनहून मेक्सिकोपर्यंत झालेली वर्ल्ड कप रॅली हानू मिकोला आणि गुनार पाम या जोडीने फोर्ड एस्कॉर्टमधून जिंकली. तो विजय लोकांच्या तोंडी असतानाच, वर्षअखेरीला फोर्डने ब्रिटनमध्ये ‘एस्कॉर्ट मेक्सिको’ नावाची गाडी विकायला काढली. १५९९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं पुशरॉड इंजिन, ८६ अश्वशक्ती आणि वर वेबर कंपनीचा एक कार्बोरेटर. या इंजिनाला क्रॉसफ्लो म्हणतात, कारण त्यात हवा आणि पेट्रोल एका बाजूने आत येतं आणि जळका वायू समोरच्या बाजूने बाहेर पडतो. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली मेक्सिको आज शोधावी लागते. हौशी मालकांनी त्यांत रेसिंगच्या वळणाचा कॅमशाफ्ट घातला, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, एक्झॉस्टला लांब पाइपांचा मॅनिफोल्ड लावला आणि एका कार्बोरेटरच्या जागी वेबरचेच दोन आडवे ‘४० डीसीओई’ चढवले.

अशी गाडी जागेवर उभी असताना रेस दिली की अंगावर काटा येतो. मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर ती सुसाट सुटते. पण ट्रॅफिकमागे पन्नासच्या वेगाने चालवा, म्हणजे हिसके सुरू होतात. सिग्नलवरून निघताना ती आधी दबकते, मग एकदम उचलते. पेट्रोलचा वास कपड्यांना लागतो. मालकाला पहिली शंका येते ती मेन जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य पितळी भोकाची. तो वेगवेगळ्या मापांचे मेन जेट मागवतो, एकेक लावून बघतो आणि हिसके जिथल्या तिथे राहतात. कारण पन्नासच्या वेगाला, पायाच्या हलक्या दाबावर, मेन जेटमधून पेट्रोल जवळजवळ येतच नसतं. त्या वेळी इंजिन जगतं ते स्लो जेटवर, आणि रस्त्यावरच्या गाडीचं बरंचसं आयुष्य तिथेच जातं. डीसीओई ट्यून करणाऱ्याने ही एक गोष्ट मनात पक्की धरली, तर पुढचं बरंच काम सोपं होतं.

हा कार्बोरेटर हौशी लोकांचा एवढा लाडका का झाला, हे थोडक्यात सांगायला हवं. एदुआर्दो वेबर हा मूळचा तुरीनचा. त्याने १९२३ मध्ये बोलोन्या शहरात कारखाना काढला आणि फियाटच्या गाड्यांना जोडायचे सुधारित कार्बोरेटर बनवायला सुरुवात केली. म्हणजे चालू इंजिनावर बाहेरून आणून बसवायचा भाग हाच या नावाचा जन्म. पुढे इटलीच्या रेसिंग गाड्यांवर वेबरचे दुहेरी कार्बोरेटर दिसू लागले. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, वेबर बेपत्ता झाला आणि पुन्हा कधी सापडला नाही. कारखाना फियाटकडे गेला. १९६२ ची लोटस एलान आणि १९६३ ची लोटस कॉर्टिना या दोन्ही गाड्या दोन ४० डीसीओई घेऊनच विकल्या गेल्या, आणि ब्रिटिश हौशी मिस्त्र्यांच्या नजरेत ही जोडी कायमची भरली.

नावातला ४० हा आकडा थ्रॉटलच्या भोकाचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. एका कार्बोरेटरमध्ये अशी दोन भोकं. दोन कार्बोरेटर म्हणजे चार. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची स्वतंत्र वाट मिळते. आणि त्या वाटेतली जवळपास प्रत्येक गोष्ट काढून बदलता येते: हवेची वाट अरुंद करणारी व्हेंचुरी, मेन जेट, स्लो जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, पंप जेट. वरचं गोल झाकण एका फुलपाखरी नटाने बसवलेलं असतं. तो हाताने सोडवला की जेट समोर उभे दिसतात. हे औदार्य थोर आहे, आणि याच औदार्यामुळे माणूस भरकटतो.

मुळात हे यंत्र करतं काय? एक लिटर पेट्रोल नीट जाळायला साधारण ९००० लिटर हवा लागते. वजनात मोजलं तर एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पेट्रोल याहून जास्त असेल तर मिश्रण रिच, कमी असेल तर लीन. पण इंजिनाला प्रत्येक वेळी १४.७ नको असतं. पूर्ण जोर काढायचा असेल तेव्हा १२.५ ते १३ च्या आसपास लागतं, रमतगमत चालताना १४ ते १५ चालतं, थंड इंजिनाला त्याहून कितीतरी रिच हवं असतं. डोक्यात कसलाही संगणक नसलेल्या पितळ-अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याने हे सगळं केवळ हवेच्या दाबावर सांभाळायचं आहे.

त्यासाठी वापरलेला नियम जुना आहे. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी याने १७९७ मध्ये तो प्रयोगांसह मांडला: वाहता प्रवाह अरुंद जागेतून जाताना वेग घेतो आणि तिथला दाब पडतो. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलच्या नळीचं तोंड ठेवलं की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या साठवणीतलं, पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने तिकडे ढकललं जातं. हवा जितकी वेगाने, पेट्रोल तितकं जास्त.

इथे एक अडचण आहे आणि कार्बोरेटरची अर्धी गुंतागुंत तिच्यातून जन्मली आहे. हवा फुगते, पेट्रोल फुगत नाही. वेग वाढत गेला की गळ्यातली हवा विरळ होत जाते, पण पेट्रोल मात्र दाबाच्या फरकानुसार येतच राहतं. त्यामुळे नुसतं एक भोक ठेवलं तर आरपीएम चढेल तसं मिश्रण रिच होत जाईल. यावर उपाय म्हणून पेट्रोलच्या विहिरीत वरून थोडी हवा सोडतात. किती सोडायची ते एअर करेक्टर ठरवतो, आणि ती कुठल्या पातळीवर मिसळायची ते इमल्शन ट्यूबवरची बारीक भोकं ठरवतात. घुसळलेल्या ताकासारखं फेसाळ झालेलं हे पेट्रोल गळ्यात येतं. मेन जेटने संपूर्ण आलेख वर-खाली सरकतो. एअर करेक्टरने प्रामुख्याने त्याचं वरचं, जास्त आरपीएमचं टोक वाकतं. हा फरक ज्याला उमगला त्याचे जेटवरचे पैसे वाचतात.

आता व्हेंचुरी. इथे हौसेची सगळ्यात महागडी चूक होते, कारण मोठं म्हणजे चांगलं असं सगळ्यांना वाटतं. हिशेब करून पाहू. १६०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला फिरताना प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ३००० वेळा श्वास घेतो, दर वेळी ४०० सीसी. म्हणजे मिनिटाला १२०० लिटर, सेकंदाला २०. ३३ मिलिमीटरच्या व्हेंचुरीचं क्षेत्रफळ साडेआठ चौरस सेंटिमीटर. सरासरी वेग निघतो सेकंदाला जेमतेम २३ मीटर. एवढ्यावरून कुणी म्हणेल की व्हेंचुरी फार मोठी झाली. पण सिलिंडर सतत ओढत नाही. चार स्ट्रोकपैकी एकातच ओढतो. त्या स्ट्रोकमध्ये वेग सेकंदाला ९० मीटरच्या घरात जातो, आणि तेवढा तो जायलाच हवा. आता याच इंजिनावर ४५ डीसीओई आणून त्यात ३८ ची व्हेंचुरी घातली तर क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढतं, वेग पाव हिश्शाने पडतो, आणि पेट्रोल खेचणारा दाबाचा फरक वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ४३ टक्क्यांनी घटतो. खालच्या आरपीएमला पेट्रोल उचलायला ताकदच उरत नाही. रस्त्यावरच्या १६०० सीसी क्रॉसफ्लोला ३२ किंवा ३३ पुरते. माझ्या मते रस्त्यावरची गाडी असेल तर दोन मापांत मन घुटमळलं की लहान घ्यावं. वर गेलेले दोन-चार घोडे कुणाच्या लक्षात येत नाहीत, खालची मेलेली उचल रोज जाणवते.

व्हेंचुरी ठरली की मेन जेटचा पहिला अंदाज तोंडी निघतो: व्हेंचुरीच्या मापाला चारने गुणायचं. ३३ ला चार म्हणजे १३२, तर १३० चा जेट घ्यायचा. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर, साधारण १८०. ही फक्त सुरुवात, पण बहुतेक वेळा उत्तर या आकड्यांपासून फार दूर नसतं.

एवढं जमवलं की मोह होतो लगेच स्क्रू फिरवायचा. थांबावं. ज्या तक्रारी कार्बोरेटरच्या म्हणून गॅरेजमध्ये येतात, त्यांतल्या कितीतरी इग्निशनच्या असतात. टॅपेटची फट, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, प्लग, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, टायमिंग हे सगळं आधी बघून घ्यायचं. रेसिंगच्या कॅमशाफ्टला आयडलला जास्त अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी जरा आधी पडलेली, आवडते. मूळ सेटिंगवर ठेवलं तर इंजिन सुस्त राहतं, मग माणूस आयडलचा स्क्रू आवळून रेस वाढवतो आणि तिथून सगळी गडबड सुरू होते. तिच्याकडे आपण येणारच आहोत. प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी असल्यामुळे मॅनिफोल्डमधली ओढ धडधडत राहते, म्हणून व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स इथे सहसा जोडत नाहीत. ब्रेकच्या सर्व्होचा पाइप एकाच सिलिंडरच्या वाटेला जोडलेला असेल आणि तो हवा घेत असेल, तर तोच एक सिलिंडर लीन चालतो आणि बाकी तिघांवर कितीही मेहनत घेतली तरी आयडल लंगडं राहतं.

पेट्रोलचा दाबही मोजून घ्यायचा. डीसीओईला तीन पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. गाडी सुधारली म्हणून कुणी जोरदार इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, फ्लोट चेंबर भरून वाहतो, आणि माणूस जेट लहान करत बसतो. मध्ये रेग्युलेटर लावला की संपलं.

फ्लोटची पातळी हे निगुतीचं काम आहे. कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून उभं धरायचं, फ्लोट खाली लोंबता ठेवायचा. फ्लोटची पितळी जीभ सुईच्या टोकावरच्या स्प्रिंगच्या गोळीला नुसती टेकली पाहिजे, गोळी आत दबता कामा नये. त्या अवस्थेत झाकणाच्या गॅसकेटपासून फ्लोटपर्यंतचं अंतर मोजायचं. योग्य माप कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकानुसार वेगळं असतं, तेव्हा ते त्या क्रमांकाच्या तक्त्यातूनच घ्यावं. एक-दीड मिलिमीटरच्या फरकाने मेन सर्किट लवकर किंवा उशिरा चालू होतं. दोन कार्बोरेटरच्या पातळ्यांत फरक असेल तर पुढचे दोन सिलिंडर एक भाषा बोलतात आणि मागचे दुसरी. ही जीभ वाकवताना पक्कड नको, बोटांनी आणि बारीक चिमट्याने.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. डीसीओई मॅनिफोल्डवर करकचून आवळायचे नसतात. मध्ये रबरी रिंग आणि नटाखाली दुहेरी वेटोळ्याचा स्प्रिंग वॉशर असतो. वेटोळ्यांत थोडी फट राहील इतकंच आवळायचं. चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर सरळ कार्बोरेटरमध्ये गेली तर फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलला फेस येतो, आणि नेमक्या एका आरपीएमला इंजिन अडखळतं. हा दोष कुठल्याही जेटने जात नाही.

मग दोन्ही कार्बोरेटर एकसारखी हवा घेतात का ते बघायचं. त्यासाठी तोंडावर धरायचं हवेचं मीटर मिळतं. इंजिन पूर्ण गरम करून चारही तोंडांवर ते लावायचं आणि दोन्ही कार्बोरेटरना जोडणाऱ्या लिंकेजचा स्क्रू फिरवत आकडे जुळवायचे. हवेचा मेळ आधी, पेट्रोलचा नंतर. हा क्रम उलटा केला तर एका गोंधळावर दुसरा रचला जातो.

आता मुख्य भागाकडे येऊ.

स्लो जेटमधून निघालेलं पेट्रोल, हवेत मिसळून, एका बारीक वाटेने थ्रॉटलच्या पाकळीकडे जातं. वाटेच्या शेवटी दोन प्रकारची दारं आहेत. पाकळीच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, एक भोक. त्यावर मिक्सचर स्क्रू बसतो. आणि बंद पाकळीच्या कडेच्या अलीकडे रांगेत दोन-तीन बारीक छिद्रं, ज्यांना प्रोग्रेशनची छिद्रं म्हणतात. पाकळी बंद असते तेव्हा पेट्रोल फक्त स्क्रूच्या भोकातून येतं. पाय जरा टेकला, पाकळी सरकली की एकेक छिद्र इंजिनाच्या ओढीत येतं आणि पेट्रोलची भर टाकू लागतं. मेन सर्किट साधारण अडीच-तीन हजार आरपीएमला जागं होईपर्यंत, आणि हलक्या पायाने चालवताना त्याच्याही पुढे, गाडी याच छिद्रांवर चालते.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. मिक्सचर स्क्रू फक्त आयडलवर परिणाम करतो. छिद्रांना तो जवळपास शिवतही नाही. त्यामुळे पन्नासच्या वेगाचे हिसके स्क्रू फिरवून जात नाहीत. ते जातात स्लो जेट बदलून. दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. आयडलला पाकळी नेमकी कुठे उभी आहे, यावर सगळं अवलंबून आहे. रेसिंगच्या कॅमशाफ्टमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. हळू फिरताना थोडा जळका वायू इनलेटमध्ये उलटा येतो, ताज्या मिश्रणात मिसळतो, आणि इंजिन आयडलला धापा टाकतं. ते बंद पडू नये म्हणून माणूस आयडल स्क्रू आवळतो, पाकळी उघडते, आणि प्रोग्रेशनची पहिली छिद्रं आयडललाच उघडी पडतात. पुढे पाय दाबल्यावर जी भर पडायला हवी ती आधीच खर्च झालेली असते. सिग्नलवरून निघताना गाडी दबकते ती यामुळे.

हे डोळ्यांनी पाहता येतं, आणि पाहावंच. प्रत्येक गळ्याच्या वर, प्रोग्रेशनच्या छिद्रांच्या नेमकं डोक्यावर, एक पितळी स्क्रू असतो. इंजिन बंद करून तो काढायचा आणि छोट्या टॉर्चचा उजेड आत सोडायचा. तळाशी सुईच्या अग्राएवढी छिद्रं दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पाकळीची पातळ चमकती कड. लिंकेज बोटाने किंचित हलवलं की कड छिद्रांवर सरकते आणि एकेक छिद्र पलीकडच्या बाजूला जातं. आयडलच्या जागी ही कड पहिल्या छिद्राच्या उंबरठ्यावर असायला हवी, त्याच्यावरून पुढे गेलेली नको. पुढे गेली असेल तर आयडलचा स्क्रू सैल करायचा आणि इंजिनाला लागणारी हवा दुसरीकडून द्यायची: इग्निशनचा अ‍ॅडव्हान्स वाढवून, किंवा नंतरच्या बनावटीच्या डीसीओईंना असलेले एअर बायपासचे स्क्रू उघडून. अशा इंजिनाचं आयडल ९०० ते ११०० च्या मध्ये ठेवावं लागतं. मूळ गाडीसारखं शांत आयडल त्या कॅमशाफ्टकडून मागणं अन्यायाचं आहे.

पाकळीची जागा जमली की मिक्सचर स्क्रूंची पाळी. चारही स्क्रू हलक्या हाताने टेकवायचे. जोर केला तर सुईचं टोक खाचतं. मग जुन्या, जाड आट्यांचे असतील तर एक फेरा, नव्या बारीक आट्यांचे असतील तर दोन-अडीच फेरे सोडवून इंजिन चालू करायचं. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याने आत. इंजिन अडखळू लागलं की परत बाहेर, जिथे ते सगळ्यात गोल फिरतं तिथपर्यंत. चौघांवरून झालं की पुन्हा पहिल्यापासून, कारण प्रत्येक सिलिंडर सुधारला की आयडल चढतं आणि इतरांची जागा बदलते. सगळ्या स्क्रूंना जेमतेम अर्धा फेरा पुरत असेल तर स्लो जेट मोठा आहे. सोडवतच राहावं लागत असेल तर लहान.

स्लो जेटच्या अंगावर दोन खुणा असतात. ५० एफ९ असं लिहिलेलं असेल तर ५० म्हणजे पेट्रोलचं भोक अर्ध्या मिलिमीटरचं, आणि एफ९ ही त्यातल्या हवेच्या भोकाची खूण. हे एफचे आकडे चढत्या क्रमाने लीन किंवा रिच होत नाहीत: एफ९ हा एफ८ पेक्षा रिच, पण एफ११ हा एफ८ पेक्षाही लीन. तक्ता जवळ ठेवल्याशिवाय या खुणांच्या वाटेला जाऊ नये. पेट्रोलचं भोक आणि हवेचं भोक यांतलं एकच एका वेळी बदलावं. आणि मापाची पायरी किती मोठी आहे हेही बघा: मेन जेट १३० चा १३५ केला तर भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. स्लो जेट ५० चा ५५ केला तर एकवीस टक्क्यांनी. दोन्हीकडे फरक पाचचाच, पण स्लो जेटचं पाऊल अडीचपट लांब. म्हणून तिथे एफची खूण बदलून अर्धी पायरी टाकणं हेच पुष्कळदा बरोबर उत्तर असतं.

चाचणी रस्त्यावरच घ्यायची. तिसऱ्या गियरमध्ये १५०० आरपीएमवरून, पाय अगदी सावकाश दाबत नेत, तीन हजारांपर्यंत. हिसका बसला, इनलेटमधून ठसका आला तर लीन. जड, घरघरत, ओल्यासारखं चालत असेल तर रिच. पाय झटक्यात दाबल्यावरच अडखळत असेल, सावकाश दाबल्यावर नाही, तर मात्र तो अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा प्रश्न. डीसीओईचा पंप पिस्टनचा असतो. अचानक आत आलेल्या हवेला पेट्रोलचा एक फवारा पुरवणं एवढंच त्याचं काम. फवारा किती वेळात सुटतो ते पंप जेट ठरवतो, आणि एकूण किती पेट्रोल सुटतं ते फ्लोट चेंबरच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या परतीच्या भोकावर ठरतं. लीन प्रोग्रेशन झाकायला पंप वाढवला तर सिग्नलला गाडी उडी मारते, पण हिसके तसेच राहतात आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं.

हे सगळं जमल्यावर मेन जेट. मोकळा चढ, तिसरा किंवा चौथा गियर, पाय तळाला. जुन्या पद्धतीत पूर्ण जोरात असतानाच इग्निशन बंद करून क्लच दाबायचा, गाडी बाजूला घ्यायची आणि प्लग काढून बघायचे: पांढरट म्हणजे लीन, काजळी धरलेले म्हणजे रिच. आता एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवून आकडा समोरच वाचता येतो. पूर्ण जोराला १२.५ ते १३ दिसलं की मेन जेट बरोबर. मधल्या आरपीएमला बरोबर आणि वर लीन होत असेल तर एअर करेक्टर लहान करायचा, मेनला हात न लावता.

या सेन्सरबद्दल एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. तो पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरने मिसिंग केलं, मिश्रण न जळता बाहेर गेलं, तर त्यातला सगळा ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि आकडा लीन दाखवतो. मिसिंग रिच मिश्रणामुळे असेल तरीही. रेसिंगच्या कॅमशाफ्टवर आयडलला ताजी हवा सरळ एक्झॉस्टमध्ये निसटते, तेव्हाही तेच. आकडा बघून पेट्रोल वाढवलं की मिसिंग वाढतं, आकडा आणखी लीन होतो, माणूस आणखी पेट्रोल देतो. खालच्या आरपीएमला कान आणि प्लग यांवर जास्त भरवसा ठेवावा, वरच्या आरपीएमला सेन्सरवर.

आपल्याकडे दोन आडव्या वेबरांची एस्कॉर्ट क्वचितच दिसेल. पण कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली १०८९ सीसीची पद्मिनी, जी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, ती हौसेने जपणारे, तिचं हेड घासणारे, तिला वेगळा कार्बोरेटर लावणारे लोक महाराष्ट्रात आहेत. तिच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्येही स्लो, मेन आणि पंप हेच तीन कारभारी आहेत, आणि क्रमही हाच.

आपल्या पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या तक्त्यांतले जेटचे आकडे त्यासाठी लिहिलेले नाहीत. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच्या एका भागाला नऊच भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन हवं. शुद्ध पेट्रोलवर १३० चा मेन जेट बरोबर बसत असेल तर या पेट्रोलवर १३५ लागेल, आणि स्लो जेटही तपासावा लागेल. हिसके पुन्हा आधी तिथेच दिसतील. इथेनॉल जुन्या रबरालाही सोसत नाही. पेट्रोलचे पाइप आणि सोलेक्सच्या पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत, नाहीतर ट्यूनिंग महिन्याभरात बिघडल्यासारखं वाटतं, खरी गळती भलतीकडेच असते. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करावा, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि स्लो जेटचं अर्ध्या मिलिमीटरचं भोक बुजायला फार कचरा लागत नाही.

घाटाचाही परिणाम होतो. हवा विरळ झाली की कार्बोरेटर रिच होतो, पण हवा जितकी विरळ तितका नाही. तिच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण बारा-तेरा टक्क्यांनी विरळ, म्हणजे मुंबईत ट्यून केलेली गाडी तिथे सहा टक्के रिच चालणार. पूर्ण जोराला १३ असलेला आकडा १२.२ च्या आसपास येईल: प्लग थोडे काळे, आयडल थोडं जड, धोका काही नाही. दोन दिवसांच्या सहलीला जेट बदलू नयेत. आयडल फार घोटाळलं तर मिक्सचर स्क्रू पाव फेरा आत घ्यावा आणि खाली उतरल्यावर परत सोडवावा. पाचगणी-महाबळेश्वरला कायम राहणाऱ्याने मात्र १३५ च्या जागी १३० चा मेन जेट घालावा, स्लो जेटची एफची खूण एक पायरी लीन करावी, आणि टॉर्च घेऊन पुन्हा पाकळीच्या कडेपासून सुरुवात करावी.